जुना फ्रीज आणि वजनकाट्याला न दिसणारे शंभर ग्रॅम

फ्रीज भिंतीपासून हातभर पुढे ओढला, मागची जळमटे झटकली आणि कॉम्प्रेसरच्या आसपास पाहिले, की तिथे एक लहानशी पट्टी चिकटवलेली सापडते. काही फ्रीजना ती आतल्या बाजूला, भाजीच्या ट्रेच्या शेजारी असते. तिच्यावर मॉडेलचा क्रमांक, व्होल्टेज, विजेचा वापर असा तपशील असतो आणि त्यातच कुठेतरी ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा एक आकडा आणि त्याच्यापुढे काही ग्रॅम असे छापलेले असते. आर-१३४ए, १०० ग्रॅम. किंवा आर-६००ए, ४५ ग्रॅम. फ्रीज विकत घेताना ही पट्टी कोणी वाचत नाही आणि वाचण्याचे काही कारणही नसते. तो घराबाहेर काढायची वेळ येते तेव्हा मात्र त्या चाळीस-पन्नास किलोच्या पेटाऱ्याविषयीची सर्वांत महत्त्वाची माहिती तीच असते.

भंगाराचा सगळा व्यवहार वजनकाट्यावर चालतो. लोखंड किती, तांबे किती, ॲल्युमिनियम किती, यावर भाव ठरतो. फ्रीज नगावर घेतला तरी घेणाऱ्याच्या मनात हाच हिशेब असतो. पट्टीवर लिहिलेले शंभर ग्रॅम या हिशेबात कुठेच बसत नाहीत, कारण नळी कापताच ते हवेत निघून जातात आणि हवेला भाव नाही. घरातली मोठी विजेची उपकरणे जबाबदारीने निकाली काढणे म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे तर सुरुवात या न विकल्या जाणाऱ्या भागापासून करावी लागते. विकला जाणारा भाग आपण लक्ष घातले नाही तरी जागच्या जागी पोहोचतो.

सोलापुरात हा प्रश्न बहुधा उन्हाळ्याच्या तोंडावर दारात येतो. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि फ्रीजला आतली उष्णता उचलून याच तापलेल्या स्वयंपाकघरात टाकायची असते. पश्चिमेच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या, मागे हवा खेळायला चार बोटेही जागा नसलेल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर या दिवसांत जवळजवळ थांबतच नाही. त्यात विजेचा दाब खालीवर झाला की पंधरा वर्षे चाललेला फ्रीज एखाद्या दुपारी गप्प होतो. त्याच सुमाराला गुढीपाडव्याच्या एक्स्चेंजच्या जाहिराती लागलेल्या असतात. नवा फ्रीज घरी येतो, जुना त्याच टेम्पोतून जातो, आणि तो पुढे कुठे गेला हे विचारायचे राहूनच जाते.

गॅस संपत नसतो, गळतो

फ्रीज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो, आणि हे वाहून नेण्याचे काम बंद नळ्यांमधून फिरणारा एक पदार्थ करतो. त्याला शास्त्रीय भाषेत शीतक म्हणतात, बोलीभाषेत नुसते ‘गॅस’. स्वयंपाकाच्या गॅसशी त्याची गल्लत करू नये, असे एरवी म्हटले असते. पण पुढे दिसेल की हल्लीच्या फ्रीजच्या बाबतीत ही गल्लत फारशी चुकीचीही नाही. हा पदार्थ फार कमी तापमानाला उकळतो. आर-१३४ए साधारण उणे २६ अंशांना, आर-६००ए साधारण उणे १२ अंशांना. फ्रीजच्या आतल्या नळ्यांत तो उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता दुधातून, भाजीतून, पाण्याच्या बाटल्यांतून ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबून मागच्या जाळीत ढकलतो, तिथे तो उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होतो आणि नव्या फेरीला निघतो.

या फेऱ्यांमध्ये तो खर्च होत नाही, जळत नाही, झिजत नाही. नळ्या शाबूत असतील तर पहिल्या दिवशी भरलेला गॅस वीस वर्षांनंतरही तितकाच असतो. म्हणून ‘गॅस संपला आहे, भरून देतो’ हे वाक्य ऐकले की गॅस गळाला आहे असा त्याचा अर्थ घ्यावा, आणि गळतीची जागा शोधून ती बुजवण्याचा आग्रह धरावा. तीन उन्हाळ्यांत तीनदा गॅस भरलेल्या फ्रीजने मूळचा आणि दोन वेळचा भरलेला गॅस आधीच वातावरणात सोडलेला असतो आणि तिसऱ्या वेळचा सोडत असतो.

गेला वातावरणात, तर बिघडले काय? हे पट्टीवरच्या आकड्यावर अवलंबून आहे. साधारण २००३ च्या आधी बनलेल्या फ्रीजमध्ये बहुधा आर-१२ असे. हा क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी. त्याच्यातला क्लोरीन वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचून ओझोनचे रेणू तोडतो, आणि एकच अणू हे काम हजारो वेळा करू शकतो. याच कारणाने १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला आणि २०१० पर्यंत सीएफसीचा वापर आपल्याकडे जवळपास संपला. त्यानंतरचा आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, पण उष्णता अडवून धरण्यात मोठा पटाईत आहे. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए असतो. हा आयसोब्युटेन, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या ब्युटेनचा सख्खा भाऊ. वातावरणाला त्याचा उपद्रव जवळजवळ नाही. मात्र तो पेट घेतो.

उष्णता अडवण्याची ताकद मोजण्याची एक पद्धत आहे: शंभर वर्षांच्या काळात एक किलो वायू किती किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवेल, हे सांगायचे. या मापाने आर-१२ चा आकडा सुमारे १०,९०० आहे, आर-१३४ए चा १,४३० आणि आर-६००ए चा साधारण ३. आकडे असे नुसते वाचून काही हाती लागत नाही, म्हणून ते सोलापूर-पुणे रस्त्यावर उतरवून पाहू. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरला पन्नास किलोमीटर जाणाऱ्या मोटारसायकलवर सोलापूरहून पुण्याला जाऊन परत यायला दहा लिटर पेट्रोल लागते, म्हणजे २३ किलो. आता आर-१३४ए चे शंभर ग्रॅम हवेत सोडणे म्हणजे १४३ किलो, म्हणजे पुण्याच्या सहा फेऱ्या. आर-१२ चे शंभर ग्रॅम म्हणजे सत्तेचाळीस फेऱ्या. आर-६००ए चे ४५ ग्रॅम म्हणजे शहरातल्या शहरात तीन किलोमीटरचा फेरफटका.

एसीचा हिशेब याहून भारी असतो, कारण त्यात ग्रॅमऐवजी किलोची भाषा चालते. दीड टनाच्या जुन्या स्प्लिट एसीमध्ये आर-२२ साधारण एक किलोच्या आसपास असतो. त्याचा आकडा १,८१० आहे. तो हवेत सोडला तर पुण्याच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्या होतात, आणि सोडायला मिस्त्रीला दोन मिनिटे पुरतात: नट सैल करायचा, फुसफुस थांबेपर्यंत बाजूला उभे राहायचे.

पत्रा आणि प्लास्टिकच्या मधला पिवळा थर

गॅसविषयी थोडेफार ऐकलेले असते. फोमविषयी बहुधा काहीच नाही. फ्रीजचा बाहेरचा पत्रा आणि आतले पांढरे प्लास्टिक यांच्या मध्ये पिवळसर, कडक फेसाचा थर भरलेला असतो. मिस्त्री लोक त्याला ‘पफ’ म्हणतात. कारखान्यात दोन रसायने एकत्र ओतून हा फेस फुगवतात आणि फुगवण्यासाठी वापरलेला वायू त्याच्या कोट्यवधी बारीक बुडबुड्यांत कायमचा अडकून बसतो. फ्रीजची थंडी टिकते ती या अडकलेल्या वायूमुळे. जुन्या सीएफसीच्या काळातल्या फ्रीजमध्ये फेसासाठी आर-११ वापरत, आणि त्याचे प्रमाण नळ्यांमधल्या गॅसपेक्षाही जास्त असे. म्हणजे एखाद्याने नळीतला गॅस अगदी नियमाने काढून घेतला आणि मग तो सांगाडा कुऱ्हाडीने फोडला, तर निम्म्याहून अधिक नुकसान तरीही होतेच. त्यानंतरच्या काळात भारतात फेसासाठी एचसीएफसी-१४१बी वापरात होता, त्याची आयात २०२० च्या सुरुवातीपासून बंद झाली. आता सायक्लोपेंटेनचा वापर रूढ आहे, जो वातावरणाला सौम्य पण ज्वलनशील आहे.

हा फोम भंगारात कोणी घेत नाही. पत्रा सोलून काढला की तो नाल्याकाठी, मोकळ्या प्लॉटवर किंवा कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर जातो, आणि ढिगारा पेटला की त्याच्याबरोबर जळतो. पॉलियुरेथेनचा हा फेस जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही बाहेर पडतो. शेकोटीत प्लास्टिक टाकू नये हे आपण मुलांना सांगतो. फ्रीजचा फोम हा त्यातलाच एक वाईट प्रकार आहे.

दोन वाटा

आता एकच फ्रीज दोन वाटांनी पाठवून पाहू.

पहिली वाट ओळखीची. हातगाडीवाला किंवा टेम्पोवाला फ्रीज नेतो. तो चालू होण्याजोगा असेल तर दुरुस्तीच्या दुकानात जातो, आणि ही गोष्ट चांगलीच आहे. नसेल तर आधी कॉम्प्रेसर सुटा होतो, कारण तिथे तांबे आहे. नळी पक्कडीने मुरगळली किंवा कापली जाते, गॅस जातो. कॉम्प्रेसरची लोखंडी कवटी छिन्नीने किंवा गॅस कटरने उघडतात. आतले तेल जमिनीवर सांडते. तांब्याची गुंडाळी ओढून काढतात. वायरीवरचे प्लास्टिक सोलायला वेळ लागतो म्हणून वायरी जाळतात, आणि पीव्हीसी असे उघड्यावर धुमसत जळाले की डायऑक्सिन तयार होतात, जी फार थोड्या प्रमाणातही विषारी असतात. आर-६००ए चा फ्रीज असेल तर कटरची ज्योत आणि नळीत उरलेला आयसोब्युटेन यांची भेट होण्याचाही धोका असतो. हे काम करणारा माणूस बहुधा हातमोज्यांशिवाय, उन्हात, रोजच्या कमाईसाठी ते करत असतो. त्याला दोष देणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत आणि ते मला पटत नाहीत. धातू वेगळे करण्याचे त्याचे कसब वादातीत आहे. दारात येऊन, रोख पैसे देऊन, तिसऱ्या मजल्यावरून फ्रीज खांद्यावर उतरवून नेणारी दुसरी कोणतीही व्यवस्था आपण त्याच्या जागी अजून उभी केलेली नाही. ज्या भागाचे त्याला पैसे मिळत नाहीत तो सांभाळण्याची अपेक्षा फक्त त्याच्याकडूनच करणे हा अन्याय आहे.

दुसरी वाट नीट उभारलेल्या रिसायकलिंगच्या कारखान्यातली. तिथे पहिल्या टप्प्यात फ्रीज तिरका करून नळीला छिद्र पाडणारी पकड लावतात आणि निर्वात पंपाने गॅस व तेल दोन्ही ओढून घेतात. तेलात गॅस विरघळलेला असतो, म्हणून तेल तापवून तोही वेगळा करतात. कॉम्प्रेसर, काचेचे कप्पे, वायरी, इलेक्ट्रॉनिक कार्ड सुटे होतात. दुसऱ्या टप्प्यात उरलेला सांगाडा बंद यंत्रात तुकडे-तुकडे करतात. आत नायट्रोजन भरलेला असतो, कारण फोममधला सायक्लोपेंटेन हवेशी मिसळून भडकू शकतो. फोमचे चूर्ण होते, त्यातून सुटलेला वायू थंड करून किंवा कोळशाच्या गाळण्यांतून गोळा करतात. मग लोखंड चुंबकाने उचलतात, ॲल्युमिनियम आणि तांबे फिरत्या चुंबकीय क्षेत्राने बाजूला उडवतात, प्लास्टिक घनतेनुसार वेगळे करतात. ॲल्युमिनियमच्या बाबतीत याचा लाभ फार मोठा आहे: खनिजापासून नवे ॲल्युमिनियम बनवण्यापेक्षा जुने वितळवायला सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते.

दोन्ही वाटांनी लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम परत मिळतेच. फरक उरतो तो गॅस, तेल आणि फोम यांचा.

मग खर्च कोणी द्यायचा

दुसरी वाट महाग आहे. पहिल्या वाटेवरचा माणूस आपल्याला पैसे देतो, आणि दुसऱ्या वाटेवरचा कधी कमी देतो, कधी काहीच देत नाही, याचे कारण इथे आहे. ही तूट भरून काढण्यासाठी कायद्याने जी युक्ती केली आहे तिला ‘विस्तारित उत्पादक उत्तरदायित्व’ असे जड नाव आहे. कल्पना साधी आहे. ज्या कंपनीने फ्रीज विकून पैसा कमावला, तिनेच तो संपल्यावर निस्तरण्याचा खर्च उचलावा.

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्याआधी २०११ आणि २०१६ चे नियम होते, पण त्यांच्या यादीत एकवीसच प्रकारची उपकरणे होती. आता ती शंभराहून अधिक आहेत. फ्रीज, धुण्याचे यंत्र, एसी, टीव्ही हे जुन्या यादीतही होते. नव्या नियमांनुसार प्रत्येक उत्पादकाला ठरावीक वजनाचा ई-कचरा दरवर्षी नोंदणीकृत रिसायकलरकडून निकाली काढून घ्यावा लागतो. हे प्रमाण कंपनीने पूर्वी विकलेल्या मालाच्या वजनाच्या पहिल्या दोन वर्षांत ६० टक्के, पुढच्या दोन वर्षांत ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के असे चढत जाते. कंपनी स्वतः फ्रीज फोडत बसत नाही. रिसायकलर जेवढा माल निकाली काढतो तेवढ्याचे प्रमाणपत्र त्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर मिळते, आणि ते प्रमाणपत्र कंपनी विकत घेते. ऊस घातल्यावर साखर कारखान्याच्या काट्यावर पावती मिळते हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. इथे त्या पावतीलाच बाजारभाव आहे, एवढाच फरक.

यातली एक मेख मात्र सांगायला हवी. ही प्रमाणपत्रे प्रामुख्याने चार धातूंच्या हिशेबाने निघतात: सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम. म्हणजे कायद्याचा काटाही पुन्हा धातूच तोलतो. त्यामुळे रिसायकलर नोंदणीकृत आहे, एवढ्यावर समाधान न मानता गॅस आणि फोमचे तो काय करतो हे विचारणे योग्य ठरते. प्रश्न अवघड नाही आणि खरोखर यंत्रणा असलेला कारखाना त्याचे उत्तर आनंदाने देतो.

नियमांनी काही जबाबदारी महापालिकांवरही टाकली आहे. घरगुती कचऱ्यात मिसळून आलेला ई-कचरा वेगळा काढणे आणि ‘अनाथ’ वस्तू, म्हणजे ज्यांची कंपनी बंद पडली किंवा जिचा ठावठिकाणा नाही अशा वस्तू, नोंदणीकृत रिसायकलरपर्यंत पोहोचवणे हे स्थानिक संस्थेचे काम आहे. तुमचा फ्रीज असा अनाथ असेल तर महापालिकेच्या घनकचरा विभागाकडे लेखी मागणी करणे हा नियमाने दिलेला मार्ग आहे. घंटागाडी हे त्याचे उत्तर नव्हे. ती ओल्या-सुक्या कचऱ्यासाठी आहे आणि फ्रीज तिच्यात मावतही नाही.

सोलापुरात बसून काय करता येईल

पहिला प्रश्न दुरुस्तीचा. थर्मोस्टॅट, रिले, पंखा किंवा दाराचे रबर बिघडले असेल तर दुरुस्ती निःसंशय करावी. कॉम्प्रेसर जळला असेल आणि फ्रीज पंधरा वर्षांचा असेल तर माझे मत नव्या फ्रीजच्या बाजूने आहे. चालू अवस्थेतला जुना फ्रीज गरजूला देणे पुण्याचे वाटते, पण दार नीट न लागणारा, रात्रंदिवस घुमणारा फ्रीज देणे म्हणजे वीजबिलही बरोबर देणे आहे. तो स्वतःच्याच घरात ‘पाण्यापुरता’ दुसरा फ्रीज म्हणून ठेवण्याची पद्धतही महागात पडते.

निकाली काढायचे ठरले, की त्याच कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून ‘ई-कचरा म्हणून परत द्यायचा आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. मोठ्या कंपन्या त्यांच्या संकेतस्थळावर ई-कचऱ्यासाठी वेगळे पान ठेवतात. नोंदणीकृत रिसायकलरांची यादी केंद्रीय मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर असते, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय सोलापुरातच आहे, तिथे चौकशी करता येते. एक्स्चेंजमध्ये देत असाल तर दुकानदाराला विचारा की जुना माल कोणाला जातो. एक्स्चेंजची सूट हा विक्रीचा भाग असतो. तिच्याबरोबर रिसायकलिंगची हमी आपोआप येत नाही.

अडचण अंतराची आहे. एका फ्रीजसाठी लांबच्या शहरातून गाडी येणे कोणालाच परवडत नाही. म्हणून हे काम एकट्या घराचे नसून अपार्टमेंटचे किंवा गल्लीचे आहे, असे मला वाटते. विजापूर रोड किंवा जुळे सोलापूरच्या एखाद्या पन्नास घरांच्या सोसायटीत दिवाळीच्या आवराआवरीत चार-दोन फ्रीज, तितकीच धुण्याची यंत्रे, दोन-तीन जुने टीव्ही आणि खोकेभर मिक्सर-इस्त्र्या सहज निघतात. सर्वांच्या पट्ट्यांचे फोटो काढून, यादी करून, एकाच तारखेला उचलायला सांगितले तर गाडीचे भाडे अंगावर येत नाही. कायद्यातल्या ‘मोठ्या ग्राहका’ची व्याख्या वर्षात किमान हजार उपकरणे वापरणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे सोसायटीवर त्याचे बंधन येत नाही, हे स्वखुशीचेच काम आहे.

गाडी येईपर्यंत फ्रीज कसा ठेवावा, यालाही महत्त्व आहे. आदल्या दिवशी प्लग काढून बर्फ वितळू द्यावा, पाणी पुसून घ्यावे. फ्रीज उभाच ठेवावा, म्हणजे तेल नळ्यांत जात नाही. मागची जाळी आणि नळ्या वाकवू नयेत. भर उन्हात गच्चीवर टाकू नये. तापमान वाढले की नळीतला दाबही वाढतो. ‘कॉम्प्रेसर काढून घेतो, डबा तुम्ही ठेवा’ असे कोणी म्हटले तर नको म्हणावे, कारण कॉम्प्रेसर निघाला की गॅस गेलाच आणि उरलेल्या डब्याला रिसायकलरही नाके मुरडतो. आणि फ्रीज अंगणात किंवा जिन्याखाली काही दिवस राहणार असेल तर त्याची दारे बिजागरीतून काढून ठेवावीत. लपाछपी खेळणारी मुले आत शिरून गुदमरल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. खटक्याच्या जुन्या दारांमध्ये हा धोका सर्वांत जास्त, पण चुंबकाच्या दारांनाही तो अगदीच नाही असे नाही.

एसी काढताना एक शब्द लक्षात ठेवावा: ‘पंप डाउन’. एसी चालू होत असेल तर मिस्त्री एक झडप बंद करून कॉम्प्रेसर थोडा वेळ चालवतो, सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये जमा होतो, मग तो दुसरी झडप बंद करतो आणि नंतर नळ्या सोडवतो. दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे. ते करायला सांगावे आणि होईपर्यंत समोर उभे राहावे. एसी बंदच पडलेला असेल तर गॅस ओढून घेणारे यंत्र आणि रिकामा सिलिंडर असलेला मिस्त्री शोधावा लागतो.

बाकीच्या वस्तूंचे थोडक्यात सांगता येईल. लोखंडी कूलरमध्ये गॅस नाही, फोम नाही. पत्रा, मोटर, पंप आणि गवताच्या जाळ्या एवढाच त्याचा संसार. तो भंगारात द्यायला काहीच हरकत नाही. धुण्याच्या यंत्रातही गॅस नसतो. समोरून कपडे टाकायच्या यंत्रात तोल सांभाळण्यासाठी काँक्रीटचे ठोकळे असतात, तेव्हा उचलताना कंबर सांभाळावी. वरून कपडे टाकायच्या कित्येक यंत्रांच्या टबाभोवतीच्या कड्यात मिठाचे पाणी असते, ते फुटले तर घाबरू नये. मायक्रोवेव्ह मात्र घरी उघडू नये, त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही घातक विद्युतभार राहू शकतो. इन्व्हर्टरची बॅटरी ई-कचऱ्यात येत नाही. तिच्यासाठी २०२२ चे स्वतंत्र बॅटरी नियम आहेत, आणि नवी घेताना जुनी दुकानदाराकडे देण्याची आपली पद्धत तिच्या बाबतीत बरी चालते, कारण शिशाला भाव आहे.

जुन्या डब्बा टीव्हीची गोष्ट फ्रीजसारखीच आहे. त्याच्या काचेच्या नळीच्या मागच्या नरसाळ्यासारख्या भागात शिसे असते, सगळ्या नळीत मिळून एक-दोन किलोपर्यंत. मानेभोवतीची तांब्याची गुंडाळी काढून घेतली की नळीला कोणी विचारत नाही, आणि ती नाल्यात फुटलेली सापडते. म्हणून डब्बा टीव्ही द्यायचा तर अखंडच, गुंडाळीसकट, आणि रिसायकलरलाच.

कोणालाही दिले तरी पावती घ्यावी. तिच्यावर वस्तूचे नाव, वजन, तारीख आणि रिसायकलरचा नोंदणी क्रमांक असावा. तो क्रमांक घरी येऊन पोर्टलवरच्या यादीशी ताडून पाहता येतो; नसेलच, तर ती साधी भंगाराची पावती आहे.